आईने कुणाकडे राहावं, याचा पुरावा

माझ्या धाकट्या बहिणीने चाळिशी ओलांडली, तरी अजून तिला सगळे छकुली म्हणतात. ती केसांना रंग लावते, तिची मुलगी कॉलेजात आहे, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत. पण घरात ती छकुली. मी मात्र ताई. ती जन्माला यायच्या आधी मलाही काहीतरी लाडाचं नाव असणार, पण ते आता कुणाला आठवत नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, तक्रार म्हणूनच सांगते.

मी एका आरोग्य संस्थेत पुरावे शोधायचं काम करते. म्हणजे कुणी वरून एखादा प्रश्न विचारला, की त्यावर जगात कुणी कुणी काय अभ्यास केलाय ते शोधायचं, चाळायचं आणि त्यातलं विश्वासाचं किती, फुगवलेलं किती ते लिहून द्यायचं. हे सगळं घडलं तेव्हा आमच्या टेबलावर प्रश्न होता, लिजनेअर्स आजाराचा धोका कोणत्या देशात किती? हा एक प्रकारचा न्यूमोनिया. त्याचे जिवाणू कोमट पाण्यात वाढतात. इमारतींच्या टाक्या, लांबलचक पाइप, फारसे न वापरलेले नळ ही त्यांची आवडती जागा. शॉवर सुरू केला की बारीक तुषारांबरोबर ते छातीत जातात. धडधाकट माणसाचं बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्याच्या जिवावर बेतू शकतं.

माझी आई अशा माणसांत मोडते, कारण तिच्या पोटात छकुलीचं मूत्रपिंड आहे.

दीड-दोन वर्षांपूर्वी आईची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. आपलं एक मूत्रपिंड आईला देता येईल का, यासाठी आम्ही दोघींनी आपापल्या तपासण्या करून घेतल्या. छकुली त्यासाठी परदेशातून विमानाने आली. मी तर इथेच होते, डायलिसिसच्या खोलीत आईच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर महिनोन्‌महिने बसलेली. माझंच जुळणार याची मला इतकी खात्री होती की मी ऑफिसात रजेचा अर्जही देऊन ठेवला होता. मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं बसत नाही. धाकट्या बहिणीचं घेऊ." मी बरं म्हटलं, बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. रक्तानेसुद्धा तिचीच बाजू घेतली होती.

ऑपरेशन छान झालं. आई माझ्याकडे राहायला आली, छकुली आपल्या घरी परत गेली. जेवण झाल्यावर आई नकळत पोटावर उजव्या बाजूला हात ठेवते, नवं मूत्रपिंड बसवलंय तिथे. ती तसं करायला लागली की मी ताटं उचलायला उठते. मला ते बघवत नाही.

आणि अशात छकुलीचा फोन आला. "आई, आता तू माझ्याकडे ये. कायमची. तुझ्या राहण्याच्या परवानगीचं काम होतंय. फक्त महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. "जाऊ दे की," तो म्हणाला. "तेवढाच हवापालट."

"हवापालट महिन्याभराचा असतो," मी म्हटलं. "कायमची म्हणजे बदली झाली."

तो हसला. मला हसू आलं नाही. माझा जळफळाट होत होता, आणि तो लपवायला मी दोन दिवस कपाटं आवरत बसले. आईची औषधं कोण वेळेवर देतं? तिच्या रक्ताच्या तपासण्यांना कोण घेऊन जातं? तिचा बीपी कोण लिहून ठेवतं? मी. आणि छकुलीने काय केलं? एक मूत्रपिंड दिलं. हे वाक्य मनात आलं तेव्हा ते किती हास्यास्पद आहे ते मलाही कळलं, पण म्हणून ते मनातून गेलं नाही.

आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती बँकेत तपासनीस होती. न कळवता शाखेत जाऊन उभी राहायची आणि कपाटाच्या किल्ल्या मागायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती एका माणसाच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवत नाही. एका दुपारी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ताई, तुझ्या त्या कामात बघ ना. माझ्यासारखीला तो नळाचा आजार कुठे जास्त होतो? इथे की छकुलीकडे?"

मी मनातल्या मनात उडीच मारली. आयुष्यात पहिल्यांदा आईचा प्रश्न असा होता, की ज्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि छकुलीकडे नव्हतं.

आकडे शोधायला मला फार वेळ लागला नाही. दहा लाख लोकांमागे दर वर्षी किती रुग्ण, असा तो हिशोब असतो. छकुलीच्या देशात आकडा भलामोठा, वर दर वर्षी वाढता. आपल्याकडे नगण्य. काही वर्षी तर चक्क शून्य. आता आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात, शून्यावर विश्वास ठेवू नकोस. छकुलीच्या देशात न्यूमोनियाचा रुग्ण आला की लघवीची साधी तपासणी करून हा आजार आहे का ते बघतात, आणि असला तर सरकारला कळवावंच लागतं. आपल्याकडे न्यूमोनिया म्हणजे न्यूमोनिया. औषध देतात, माणूस बरा होतो किंवा होत नाही, आणि कशाने झाला ते कुणी विचारत नाही. आपलं शून्य म्हणजे पाहुणे यायच्या आधी कपाटात कोंबून दार लावलेला पसारा.

ऑफिससाठी लिहिते तेव्हा हे मी सगळ्यात वर लिहिते, ठळक अक्षरांत. आईसाठी मी एक सुटसुटीत तक्ता केला. दोन रकाने, एक त्यांचा, एक आपला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. प्रत्येक आकडा कुठून घेतला तेही खाली दिलं होतं. फक्त ते तपासणीचं वाक्य मी घातलं नाही. छकुलीच्या रकान्याला लाल रंग मात्र दिला.

आईने चष्मा लावून तक्ता वाचला, "असं होय," म्हणाली आणि घडी घालून ठेवून दिला. त्या संध्याकाळी मी कणीक मळताना गुणगुणत होते. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?"

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "छकुलीला व्हिडिओवर लाव. आणि तूही बस." मी टॅब साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर छकुली आली, मागे तिचं ते मोठं पांढरं स्वयंपाकघर. मला त्या स्वयंपाकघराचाही हेवा वाटतो, हे एकदा सांगून टाकते. तिथे ओट्यावर कधी काही पडलेलं नसतं.

"ताई," आई म्हणाली, "तुमच्या ऑफिसात कसं करता गं? एकच अभ्यास दोघंजण वाचतात ना?"

"हो. वेगवेगळे वाचतात, एकमेकांना न सांगता," मी म्हटलं. "म्हणजे एकाचा कल दुसऱ्याला लागत नाही. दोघांचं जमलं नाही की तिसरा माणूस ठरवतो."

"तेच केलंय मी. तुला विचारलं, तोच प्रश्न छकुलीलाही विचारला होता. तिसरी मी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. तिकडे छकुली ओरडली, "आई! तू ताईलाही विचारलंस?"

"मग? एकीचंच ऐकू?" आईने माझा तक्ता उलगडून समोर ठेवला. "ताई म्हणते, धोका छकुलीकडे जास्त, आकडे हे बघा. छकुली म्हणते, आमच्याकडे रुग्ण जास्त दिसतात कारण आम्ही तपासतो, तिकडे तपासतच नाहीत. आमच्याकडे आजार झाला तर लगेच ओळखतील, तिकडे कळणारही नाही. हे खरं का गं, ताई?"

"खरं आहे."

"मग तुझ्या तक्त्यात कुठे आहे ते?"

"राहिलं."

"राहिलं?" आई म्हणाली. ह्याच आवाजात विचारल्यावर शाखेतल्या मॅनेजर लोकांना घाम फुटत असणार. मी साखरेच्या डब्याकडे बघत बसले.

छकुली हसली. फार नाही, नुसत्या ओठांच्या कोपऱ्यातून. "ताई, अगं तू तर यातली तज्ज्ञ," ती म्हणाली. मला वाटलं, टॅब उचलावा आणि पालथा घालावा.

"तू दात काढू नकोस," आई तिला म्हणाली. "परवा तिकडच्या जावईबापूंशी बोलले मी. सहज विचारलं, आंघोळीला गरम पाणी नीट येतं ना? ते म्हणाले, सध्या शॉवर बंद ठेवलेत. इमारतीच्या गरम पाण्याच्या टाकीत तेच जिवाणू सापडलेत, खाली नोटीस लागलीय. पातेल्यात पाणी उकळून आंघोळी चालल्यात म्हणे तुमच्या."

छकुलीचा चेहरा असा पडला की काय सांगू! "अगं, ते काम सुरू आहे, आई. टाकी साफ करतायत. पाणी परत तपासणार आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"राहिलं," छकुली म्हणाली.

आता हसायची पाळी माझी होती, आणि मी ती सोडली नाही.

आईने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग मला विचारलं, "काम सुरू करायच्या आधी ऑफिसातल्या तुझ्या मॅडम तुमच्याकडून काय ते लिहून घेतात? यात माझा स्वतःचा फायदा काय, असं काहीसं?"

"हितसंबंध जाहीर करणं," मी म्हटलं. पाण्याच्या बंबाच्या कंपनीकडून पैसे घेतलेत का, तिथे कुणी नातेवाईक आहे का, असं सगळं आम्हाला आधी सांगावं लागतं.

"आणि लपवलं तर?"

"त्याचं सगळं काम बाद करतात."

"मग दोघींचं बाद," आई म्हणाली. "आता तरी जाहीर करा. छकुली, तू आधी."

अर्थातच, छकुली आधी. तिने गळ्यातली साखळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. आणि एकदम बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज चिरकला होता.

"मी देऊन परत आले, आई. माझे टाके अजून दुखत होते आणि मी विमानात बसले. तू ताईकडे गेलीस. रोज सकाळी ताई तुझा बीपी घेते, तू तिच्यावर खेकसतेस, मग दोघी बसून चहा पिता. मला इथून सगळं दिसतं. मूत्रपिंड मी दिलं आणि आई ताईला मिळाली. जळते मी तिच्यावर. झालं? केलं जाहीर."

जळणं हा एवढा एक प्रांत माझा होता, तिथेही ही येऊन बसली! पण ती खरंच रडत होती, नाक पुसायला हाताशी काही नव्हतं म्हणून बाहीने पुसत होती, आणि तिचं ते चकचकीत स्वयंपाकघर मागे तसंच रिकामं उभं होतं. मला तिचा राग यायला हवा होता. तो नेहमीसारखा आला नाही.

"आता तू," आई म्हणाली.

"मला तू इथेच हवीस," मी म्हटलं. "छकुलीकडे गेलीस तर मला सहन होणार नाही. मला काहीच देता आलं नाही तुला. जवळ ठेवून घेणं एवढंच हातात होतं, तेही ही मागतेय."

आतल्या खोलीत नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे तोही ऐकत होता.

"ठीक आहे," आई म्हणाली. "आता माझा निर्णय ऐका. टाकी साफ होऊन पाणी पुन्हा तपासलं, त्यात काही निघालं नाही, की मी छकुलीकडे जाणार."

छकुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग ती रडता रडता हसायला लागली, नवऱ्याला हाका मारायला लागली, तिकिटाचं बोलायला लागली. मी मान हलवत राहिले. फोन बंद झाल्यावर मी उठून कप गोळा केले. एक कप बशीवर इतक्या जोरात ठेवला की टवका उडाला.

"शेवटी तिच्याकडेच," मी म्हटलं. "बरोबरच आहे म्हणा. तिचं बसलं, माझं बसलं नाही."

"दार लोटून घे," आई म्हणाली. "आणि बस खाली. माझं जाहीर करायचं राहिलंय."

मी दार लोटलं. आईने टेबलावरचा तक्ता घेतला, त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुझं बसत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मूत्रपिंड. दोघींचंही बसत होतं. उलट तुझं जास्त चांगलं बसतंय, असं म्हणाले डॉक्टर. कुणाचं घ्यायचं, विचारलं मला. मी सांगितलं, धाकटीचं घ्या. आणि थोरलीला सांगा की तुमचं बसत नाही."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग बाथरूममधलं ते रडणं आठवलं, आणि मी म्हटलं, "का?"

"ते विचारू नकोस."

"का, आई?"

तिने तक्त्याची घडी नखाने दाबून बसवली. "ऑपरेशन म्हणजे काय खेळ असतो का? माणूस टेबलावर झोपतो, उठतोच असं नाही. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर मला पुढे जगता आलं नसतं. आणि छकुलीचं…" ती थांबली. "छकुलीचं मी म्हटलं, होईल ते होईल. माझीच पोर आहे ती, आणि मी असं म्हटलं. दोघींना तराजूत घातलं मी, ताई. झटक्यात घातलं. विचारही करावा लागला नाही."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"तिचं आता एकच राहिलंय," आई म्हणाली. "तिला नुसता ताप आला, असं फोनवर कळलं तरी रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून जाते. मला तो नळाचा आजार कुठे होईल ते कशाला बघू? तुम्हाला विचारलं ते एवढ्यासाठीच, की दोघींना मी किती हवी आहे ते कळावं. तू धरून ठेवलं असतंस तर कदाचित पाय निघाला नसता. पण तुला सांगून टाकलं, आता तू धरून ठेवणार नाहीस. आता निघेल."

जन्मभर मला हेच ऐकायचं होतं. छकुलीपेक्षा मी जास्त. आईच्याच तोंडून, स्वच्छ शब्दांत. ते ऐकायला मिळालं, आणि मला वाटलं की आईने ते ताबडतोब परत घ्यावं, चेष्टा केली म्हणावं, काहीही म्हणावं. पडद्यावर बाहीने नाक पुसणारी छकुली माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मला अजूनही तिचा हेवा वाटत होता. आई तिच्याकडे जाणार होती, माझ्या घरातली खुर्ची रिकामी होणार होती. पण आता त्या हेव्यात शरमही मिसळली होती, आणि दोन्ही एकदम सोसायची मला सवय नव्हती.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. आणि कळता कामा नये. हे तुझ्यामाझ्यातच."

आई उठून आंघोळीला गेली. मी ओट्यापाशी उभी राहिले. टवका उडालेला कप तेवढा धुवायचा राहिला होता, तेवढ्यात माझ्या फोनवर छकुलीचा फोन आला. आईला नाही, मला. एरवी ती मला एकटीला कधी फोन करत नाही.

"ताई, रागावलीस?"

"नाही गं. आधी एक लिहून घे. टाकीतलं पाणी किमान साठ अंशांवर ठेवायला सांग त्यांना. नुसतं साफ करून चालणार नाही. आणि आईच्या बाथरूमच्या नळाला आणि शॉवरला जिवाणू अडवणारे फिल्टर लावायला सांग. मी माहिती पाठवते सगळी. या वेळी काही राहणार नाही."

तिने लिहून घेतलं. लिहिताना ती शब्द पुटपुटत होती, लहानपणी शुद्धलेखन लिहिताना पुटपुटायची तशी. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? खरं सांग हं. जळतेयस ना माझ्यावर?"

तिचा आवाज चेष्टेचा होता, पण ती श्वास रोखून उत्तराची वाट बघत होती. आईने तिलाच निवडलं याचा तिच्याकडे दुसरा काही पुरावा नव्हता. एक माझं जळणं होतं.

"जळतेय," मी म्हटलं. "खूप जळतेय. तू आईची पहिल्यापासूनच लाडकी."

"मग!" छकुली म्हणाली.